भोंगाबाईंना पाणमांजर दिसलं

जहाजावर पाऊल ठेवल्याच्या पहिल्याच दिवशी, जेवणाच्या मोठ्या दालनात, भोंगाबाई लेकाच्या कानाशी लागून कुजबुजल्या, "तो समोरचा बघ. केस खोटे आहेत त्याचे." कुजबुजल्या, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या गृहस्थांचा हात आपोआप डोक्याकडे गेला, आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं त्या डोक्याकडे पाहू लागली आणि वाढप्याच्या हातातलं सूप हिंदकळलं. लेकाने मान खाली घातली ती गोड पदार्थ येईपर्यंत वर काढली नाही.

आता भोंगाबाईंची बाजूही ऐकून घ्यायला हवी, कारण त्यांच्यावर नेहमी एकतर्फी निकाल लागतो. उभी हयात त्यांनी कापडाच्या गिरणीत काढली, मागांच्या खात्यात. एका छपराखाली शेकडो माग एकदम चालणार, आडवा धागा नेणारे धोटे या बाजूने त्या बाजूला आपटणार, पायाखालची फरशी थरथरणार. नवखा माणूस आत गेला की कानांवर हात ठेवून बाहेर यायचा. भोंगाबाई तरुणपणी आत गेल्या आणि केस पिकल्यावर बाहेर आल्या. कान निम्म्याहून जास्त तिथेच राहिले. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही त्याने तो किती लावायचा? बाई भरपूर लावायच्या, उगाच कमी पडायला नको म्हणून. गिरणीचा भोंगा बिघडला तर या बाईला गच्चीवर उभी करा, असं कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं. त्यांना ते मानाचं वाटे. "भोंग्यावर सगळी गिरणी चालते," असं त्या वर सांगायच्या.

गंमत अशी की त्या खात्यात कुणीच ओरडत नसे. ओरडून उपयोग काय? तिथल्या बाया आवाजाशिवाय बोलायच्या. ओठ मोठेमोठे हलवायचे, भुवया उडवायच्या, मध्येच हाताची एखादी खूण. या टोकाच्या मागावरची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची गाऱ्हाणी सांगायची आणि मुकादमाला पत्ता लागायचा नाही. मधल्या बायांना मात्र सगळं कळायचं, कारण ओठ वाचता सगळ्यांनाच यायचे. भोंगाबाईंचं निम्मं आयुष्य असं चिडीचूप गेलंय, हे सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल?

नवरा लवकर गेला. पोर तान्हं, घरी सांभाळायला कुणी नाही. मुकादम भला माणूस होता, बघून न बघितल्यासारखं करायचा. सुताच्या कांड्यांच्या रिकाम्या टोपलीत मऊ चिंध्या घालून बाई पोराला मागाच्या मागे ठेवत, आणि रांगत मागाखाली जाऊ नये म्हणून कापडाच्या लांब पट्टीने टोपलीतच गुंडाळून टाकत. म्हणून तो गुंड्या. मोठा झाल्यावर शाळा सुटली की तो खात्याच्या दाराच्या काचेशी येऊन उभा राहायचा. काचेच्या अलीकडून आई आवाजाशिवाय विचारायची, "जेवलास का?" पलीकडून तो आवाजाशिवाय सांगायचा, "जेवलो. गणित चुकलं." त्या बोलीत पोरगा आईपेक्षाही चलाख होता.

मग शाळेचा बक्षीस समारंभ आला आणि सगळं विस्कटलं. पोरगा पहिला आला होता. व्यासपीठावर चढून त्याने पुस्तकाला हात लावला, तेवढ्यात मागच्या रांगेतून भोंगा झाला, "ए गुंड्याऽऽ! इकडे बघ, इकडे!" सगळं सभागृह हसून लोटपोट. पुढे शाळा संपेपर्यंत तो सगळ्यांचा गुंड्याच राहिला. त्या दिवशी त्याने आवाज जो आत घेतला तो घेतलाच. नोकरीसुद्धा अशी शोधली की जिथे भिंतीवरच 'शांतता राखा' लिहिलेलं असतं. ग्रंथपाल झाला. इतकं हळू बोलायचा की वाचक टेबलावरून अर्धे आत वाकायचे. त्यात त्याने मिशी वाढवली, चांगली झुपकेदार, खालच्या ओठापर्यंत आलेली. झालं! आवाज ऐकू येत नाही आणि ओठ दिसत नाहीत. त्याने आईला ऐकू यायचं यंत्र आणून दिलं, तर त्यात भांडी ऐकू येतात, माणसं नाहीत, असं सांगून तिने ते डबीत ठेवून दिलं. एका घरात राहून मायलेकांना बोलायला दुभाषा लागे, आणि सून घरी असली की ते काम तिच्याकडे येई.

सून या जहाजावरच्या दवाखान्यात नर्स होती. जहाज महिनोन् महिने बंदरामागून बंदरं करत फिरायचं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना एकदा सोबत यायची सवलत असते, ती तिने नवऱ्यासाठी आणि सासूसाठी घेतली. भोंगाबाईंना जहाज फार आवडलं. यंत्रांची घरघर पायातून वर यायची ना, ती ओळखीची वाटायची. त्यांची खोली पाण्याच्या पातळीजवळ, कपडे धुण्याच्या खात्याच्या शेजारी होती. एकावर एक पलंग, भिंतीतून जाणारे गरम पाण्याचे पाइप आणि न उघडणारी गोल खिडकी. "आपल्या गिरणीपेक्षा हवा बरी आहे," असा शेरा त्यांनी मारला. तो शेजारच्या खोलीतही पोचला.

बंदर आलं की लहान होड्यांतून लोकांना किनाऱ्यावर प्राणी-पक्षी दाखवायला नेत. पहिली सहल पक्ष्यांच्या बेटावरची. सहलीची प्रमुख एक उंच, उन्हाने रापलेली बाई होती, रुंद काठाची टोपी घालणारी. भोंगाबाईंनी तिचं नाव टोपीवाली ठेवलं. टोपीवालीने सगळ्यांना दगडांआड बसवलं. समोरच्या खडकावर पांढऱ्या पक्ष्यांची जत्रा भरलेली. खोट्या केसांचे गृहस्थ सगळ्यात पुढे होते, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा लावून. भोंगाबाईंनी बराच वेळ तोंड आवरलं. पण एक जाडगेला पक्षी हात मागे बांधल्यासारखा, पोट पुढे काढून चालत आला आणि त्यांना राहवेना. लेकाच्या कानात त्या 'कुजबुजल्या', "अरे, आपला मुकादम!"

सगळं बेट एकदम उडालं. आभाळ पांढरं झालं आणि मग मोकळं झालं. गृहस्थांच्या कॅमेऱ्यात एका रिकाम्या खडकाचे उत्तम फोटो आले. त्यांनी त्याच दिवशी तक्रार केली, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी जहाज थंड पाण्याच्या किनाऱ्याशी आलं. तिथे समुद्रातली पाणमांजरं राहतात. टोपीवालीने आदल्या संध्याकाळी पडद्यावर चित्रं दाखवून माहिती दिली. सून सासूच्या समोर बसून ती ओठांनी पुन्हा सांगत होती. पाणमांजराची आई अन्नासाठी बुडी मारते, तेव्हा पिल्लू वाहून जाऊ नये म्हणून ते समुद्रातल्या शेवाळाच्या लांब पट्ट्यात गुंडाळून ठेवते. परत आली की सोडवून पोटावर घेते.

भोंगाबाई खुर्चीत सरळ झाल्या. "पट्ट्यात गुंडाळते?"

"हो आई."

"मला ते बघायचंय," भोंगाबाई सगळ्या दालनाला म्हणाल्या. "बाकी काही नाही दिसलं तरी चालेल. ती बाई मला बघायचीय."

खोलीत आल्यावर लेक वरच्या पलंगावर जाऊन बसला. छत बुटकं, त्यामुळे मान वाकवून. "आई, या वेळी तू जहाजावरच थांब," तो मिशीतल्या मिशीत म्हणाला.

"काय म्हणतोय?"

सुनेने सांगितलं, "तुम्ही जहाजावर थांबा म्हणतोय."

भोंगाबाईंनी त्याच्या लोंबकळणाऱ्या पायांकडे पाहिलं. "तुला माझी लाज वाटते," त्या म्हणाल्या. "शाळेत वाटली, अजून वाटते. वाटू दे. पण मी काय जन्मभर बोंबलत बसले होते का? तुला ठाऊक आहे मी किती गप्प राहू शकते ते. तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही." पलीकडच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली.  लेकाला वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटणं आणि हो म्हणणं यात फार अंतर असतं.

"आई जाणार," सून म्हणाली. "टोपीवालीला मी सांगते. माझ्या जबाबदारीवर."

टोपीवालीने अट घातली. पाणमांजरं या किनाऱ्यावर फार थोडी उरलीत आणि बुजरी आहेत. कुणाच्याही तोंडून आवाज निघाला, की सगळ्यांची सहल तिथल्या तिथे संपणार. म्हणजे भोंगाबाईंच्या एका शब्दावर सगळ्या होडीचा दिवस टांगलेला. खोट्या केसांच्या गृहस्थांनी हे ऐकून डोळे मिटले.

सकाळी होडीत बसताना सुनेने सासूच्या हातावर लिमलेटच्या गोळ्यांची पुडी ठेवली. "बोलावंसं वाटलं की एक तोंडात टाकायची." भोंगाबाईंनी बसताक्षणी दोन टाकल्या.

किनारा कसला, नुसता कडा होता. होडी मागच्या खाडीत लावून सगळे आधी वर चढले. वाऱ्याने वाकलेल्या झुडपांतून पायवाट खाली उतरत होती आणि तिच्यावर लाकडी फळ्यांचे दोन आडोसे होते, मागून उघडे, पुढे तोंडभर रुंद फटी ठेवलेले. एक वर, एक बराच खाली. टोपीवालीने खुणेनेच वाटणी केली. भोंगाबाई वरच्या आडोशात, तिच्या डोळ्यांसमोर. लेक खालच्यात, कॅमेरेवाल्या गृहस्थांच्या शेजारी. खाली लाटा कड्यावर अशा आदळत होत्या की शेजारच्याचं कुजबुजणं शेजारच्याला कळलं नसतं. भोंगाबाईंनी फळीला हात लावला. फळी थरथरत होती. त्यांना एकदम आपल्या मागापाशी उभं राहिल्यासारखं वाटलं आणि खांदे सैल झाले.

समोर समुद्रावर शेवाळाचं मोठं रान पसरलेलं. तपकिरी पट्टे, आणि पट्ट्यांना गोल गाठी. प्रत्येक गाठ लाटेवर वर आली की डोकं वाटायची. वर आली, डोकं! खाली गेली, गाठ. माणसं दुर्बिणी फिरवून फिरवून थकली. धुकं मध्येच यायचं, मध्येच विरायचं. थंडीने हात बधिर झाले. टोपीवालीच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू येऊ लागलं. आज काही खरं नाही, असं तिच्या भुवया म्हणत होत्या, आणि ते आडोशात एकट्या भोंगाबाईंनी वाचलं.

भोंगाबाईंकडे दुर्बीण नव्हती. हालचाल शोधत बसायचाही त्यांना कंटाळा आला होता, सगळंच हलत होतं. त्या नुसत्या बघत होत्या, जसं पूर्वी धागा जोडता जोडता खांद्यावरून मागे बघायच्या. टोपलीतलं पोर रडलं तरी मागांच्या आवाजात रडणं ऐकू येत नसे. म्हणून सारखं वळून बघायचं, तोंड उघडं आहे का मिटलेलं. उघडं दिसलं तर रडतंय. मिटलेलं दिसलं तर अजून थोडा धागा जोडून होईल. एवढीच ती नजर होती. पोर म्हातारं व्हायला आलं तरी ती गेली नव्हती.

डावीकडे, काळ्या खडकाच्या अलीकडे, एका गाठीने तोंड उघडलं.

मिटलं. पुन्हा उघडलं, चांगलं मोठं, आतलं गुलाबी दिसेपर्यंत. शेवाळाच्या गाठींना तोंड नसतं.  रडतंय! त्यांचे ओठ उघडले, जीभ टाळ्याला लागली, आतून भोंगा निघण्याच्या बेतात होता. त्यांनी तिसरी गोळी तोंडात कोंबली.

टोपीवालीला त्यांनी कोपराने ढोसलं आणि बोटाने दाखवलं. टोपीवालीने दुर्बीण फिरवली, पण गाठी हजार, त्यातली कुठली? वरून ते पिल्लू म्हणजे त्या गाठींतलीच एक गाठ दिसत होतं. खालच्या आडोशातल्यांना ते अगदी जवळ होतं, पण ते सगळे उजवीकडे तोंड करून बसले होते. त्यांना कोण सांगणार? हाक मारायची सोय नाही. चालत जावं तर वाटेवरचे दगड गडगडणार. भोंगाबाईंनी लेकाच्या पाठीकडे डोळे लावले. बघ, बघ रे मागे.

लेक बघणारच होता. दर थोड्या वेळाने तो वळून वर बघतच होता, आई बोलत तर नाही ना याची धास्ती म्हणून. या वेळीही तो वळला आणि ग्रंथालयातल्यासारखं त्याने ओठांवर बोट ठेवलं.

भोंगाबाईंनी गोळ्या गालात सारल्या आणि आवाजाशिवाय, ओठ मोठेमोठे हलवत, भुवया उडवत त्या बोलल्या, "डावीकडे. काळा खडक. अलीकडे. पोर रडतंय."

लेकाचं बोट ओठांवर तसंच राहिलं. ही बोली तो शाळकरी असल्यापासून बोलला नव्हता. त्याला वाटलं होतं, विसरलो. पण एकही शब्द सुटला नव्हता. त्याने तोंड हलवलं. भोंगाबाईंनी कपाळाला हात लावला आणि नाकाखाली बोट फिरवलं. मिशी! काय कप्पाळ दिसणार?

तेव्हा ग्रंथपालाने इकडे तिकडे पाहिलं, दोन्ही हातांच्या बोटांनी आपली मिशी वर उचलून धरली आणि काचेपलीकडच्या पोरासारखे स्वच्छ ओठ हलवून विचारलं, "कुठला खडक? दोन आहेत."

"बुटका. तुझ्या नाकासारखा."

त्याने गृहस्थांचा खांदा धरून त्यांना हळूच डावीकडे फिरवलं. मग बाकीची माणसं एकेक करून वळली, आणि वरून भोंगाबाईंना दिसलं की सगळ्यांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. दिसलं त्यांना! टोपीवालीलाही आता दुर्बिणीत सापडलं होतं. तिने भोंगाबाईंचा हात जो घट्ट पकडला तो सोडलाच नाही. पट्ट्यात गुंडाळलेलं, केसाळ, उताणं पडून आकाशाकडे बोंबलणारं ते पिल्लू.

तेवढ्यात धुक्याचा एक लोळ आला आणि खालच्या आडोशाच्या डोक्यावर, वरच्यांच्या नजरेच्या नेमका आड उभा राहिला. भोंगाबाईंना खडक दिसेना, पिल्लू दिसेना, फक्त खालचा आडोसा तेवढा दिसत होता. ज्याच्यासाठी आलो ते आता होणार आणि आपल्याला दिसणार नाही! त्यांचे डोळे भरून आले. "आली का?" त्यांनी लेकाला विचारलं. "ती आली का रे?"

लेकाने समुद्राकडे पाठ केली. लोक जन्मात एकदा मिळणारं दृश्य बघत होते आणि हा माणूस दोन्ही हातांनी मिशी धरून वर आईकडे तोंड करून उभा राहिला. खांद्यावरून एकदा मागे बघायचा आणि सांगायचा. "आली. तोंडात काहीतरी आहे. खेकडा." पुन्हा मागे. "पट्टा सोडवतेय. दातांनी. अजून एक वेढा राहिलाय." पुन्हा मागे. "सोडवलं. पोटावर घेतलं, आई."

"आणि पोर?"

"तोंड मिटलं."

याच वेळी वाऱ्याचा झोत आला. त्याने धुकं फाडलं आणि जाता जाता कॅमेरेवाल्या गृहस्थांचे केस उचलून शेजारच्या झुडपावर नेऊन ठेवले. गृहस्थ दोन्ही हातांनी कॅमेरा धरून होते, त्यांना काही कळलंच नाही. चकचकीत डोकं भोंगाबाईंना वरून लख्ख दिसलं. आणि सांगायला अभिमान वाटतो, त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत. आवाजाशिवायसुद्धा नाही. कारण धुकं फाटलेल्या पाण्यावर, खडकाच्या आडून तरंगत, ती आई उताणी वाहत येत होती. पोटावर पोर, आणि पोराच्या डोक्यावर तिचा एक ओला पंजा. अगदी आडोशासमोरून, सावकाश, काही घाई नसल्यासारखी गेली. भोंगाबाईंनी पोटभर पाहिलं. डोळ्यांचं पारणं फिटलं म्हणतात ते हेच.

कडा चढून सगळे पुन्हा खाडीत उतरले. होडीशी आल्यावर टोपीवालीने टोपी काढली आणि भोंगाबाईंसमोर उभी राहून ओठ मोठेमोठे हलवत विचारलं, दुपारी दुसरा गट यायचाय, वरच्या आडोशात पुन्हा बसाल का? उद्याही?

"गुंड्याला विचारा," भोंगाबाई मोकळ्या आवाजात म्हणाल्या. किनाऱ्यावर आता बंदी नव्हती. "दोघं लागतात त्याला. एकाचं काम नाही." गृहस्थांनी आपले केस खिशात ठेवले होते. ते पुढे झाले, भोंगाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि खूप काही बोलले. लाटांच्या आवाजात भोंगाबाईंना ते ऐकू आलं नाही, पण वाचता सगळं आलं. त्यांनी गृहस्थांना एक गोळी दिली.

होडी जहाजाकडे निघाली. वर कठड्याशी सून उभी होती, पांढऱ्या गणवेशात, दवाखान्यातून पळत आलेली. सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. हात उडवून ती काहीतरी विचारत होती. काय विचारत असणार ते उघड होतं. भोंगाबाईंनी छातीभर श्वास घेतला. सबंध सकाळचा साठलेला भोंगा आता सुटणार, तेवढ्यात लेकाने त्यांच्या हातावर हात ठेवला.

बाईंचा चेहरा पडला. अजूनही? इतकं होऊनही?

लेकाने मिशी वर धरली. "मी सांगतो," असं ओठांनी म्हणाला. मग तो हलत्या होडीत उभा राहिला, हात तोंडाभोवती धरले आणि इतक्या वर्षांचा आत ठेवलेला आवाज त्याने एकदम बाहेर सोडला.

"दिसलंऽऽऽ! आईला दिसलंऽऽऽ!"

कठड्यावरचे पक्षी उडाले. होडीवाल्याच्या हातातलं सुकाणू हललं. मधल्या मजल्यावरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. आवाज अगदी भोंग्याचाच होता, त्याच गिरणीचा. पलीकडच्या खडकांवरून तो परत आला तेव्हा लेक स्वतःच दचकला.

आणि भोंगाबाई तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी ओठ वाचले नव्हते, ते हातांआड होते. त्यांना तो ऐकू आला होता.